न वाचून दाखवलेली दोन पानं

गांगुर्डेभाऊंबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं, आणि माझी पंचाईत तिथूनच सुरू होते. आवाज लिहायचा कसा? नाशिकच्या एस.टी. स्टँडवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांनी गाडीची वाट पाहिली असेल त्यांनी तो ऐकलेला आहे. येवल्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे. एवढंच. ना घाई, ना कंटाळा, ना लाडीगोडी. मी सटाण्याकडची. माहेरी जाताना पिशव्या सांभाळत तो आवाज मी शंभरदा तरी ऐकला असेल. पुढे तोच माणूस सात वर्षं दर शनिवारी माझ्यासमोर खुर्चीत बसला, तरी पहिले कित्येक महिने माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भोंग्यातल्या आवाजाला नाव-गाव असतं हे आपल्या मनातच येत नाही.

वामन गांगुर्डे, एस.टी.तले वाहतूक नियंत्रक. स्टँडवर सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. शेवटी समोरचं तेवढं दिसायचं, तेही नळीतून बघितल्यासारखं. बरोबरचे लोक म्हणाले, वेळापत्रक तर तोंडपाठ आहे तुम्हाला, कोणाला कळतंय, ओढा की अजून दोन वर्षं. एक दिवस हे स्वतःच उठून वरच्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला गाडीची पाटी पुरती दिसत नाही, माझ्या भरवशावर आता माणसं सोडू नका. तिथं नोकरी संपली. पुढच्या चार वर्षांत उरलीसुरली नजरही गेली.

मी त्यांना भेटले ती गंगापूर रोडवरच्या एका छोट्या वाचनालयात. तिथं शनिवारी सकाळी आमच्यासारखी निवृत्त मंडळी जाऊन, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायची. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे अंगात भिनलेलं. पहिल्याच शनिवारी मी पेपरातली बातमी वाचत होते, शेततळ्यात बुडालेल्या दोन भावंडांची, आणि वाचता वाचता माझा गळा दाटला. समोरून एक हात वर झाला.

‘बाई, रडायचं काम आमच्याकडे राहू द्या. तुम्ही नुसतं वाचा.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वाचनाची केंद्रप्रमुखांनी वाहवा केलेली, आणि हा कोण कुठला मला शिकवतोय. घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं की पुढच्या शनिवारपासून मी जायची नाही. हे म्हणाले, बरं. त्यांनी एवढ्या पटकन बरं म्हटलं म्हणून मी गेले. गेले तर भाऊ आधीच येऊन बसलेले. ‘जय भीम, बाई. आज पेपर आलाय का?’ जणू मागच्या शनिवारी काही घडलंच नव्हतं.

उंच, शेलाटे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, तो नीट आत खोचलेला, कमरेला एस.टी.च्या जमान्यातला पट्टा. खिशाला दोन पेनं. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, की भाऊ, पेनं कशाला? तर म्हणाले, सही करावी लागते की, आणि दुसरं मागणाऱ्याला द्यायला. कॉलनीतून सिटी बसनं एकटे यायचे. हाताला कोणी धरलं की नको नको म्हणायचे नाहीत, पण आपलं कोपर सोडवून घेऊन त्याच्या कोपराला स्वतः धरायचे. ‘मी धरलं तर मला सोडता येतं,’ म्हणायचे.

वाचणाऱ्यानं मधे यायचं नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. ते मत कुठून आलं ते एकदा त्यांनी सांगितलं. इगतपुरीकडे पावसानं रस्ते तुंबले होते, तिकडच्या सगळ्या गाड्या बंद. एक बाई सासूला घेऊन खिडकीशी आली. म्हणाली, साहेब, रद्द म्हणू नका, उशीर हाय म्हणा, म्हातारी लय घाबरती. भाऊंनी नाही म्हणून मान हलवली आणि भोंग्यावर स्पष्ट सांगितलं, रद्द. दोनदा सांगितलं. बाईनं खिडकीत तोंड घालून ह्यांचा उद्धार केला. तुमच्या घरात म्हातारं माणूस हाय का नाय, असं विचारलं. भाऊ म्हणाले, उशीर म्हटलं असतं तर ती बाई अंधार पडेपर्यंत त्या बाकावर बसली असती. रद्द म्हटलं म्हणून दिराच्या घरी उजेडात पोचली. त्यांना कसं कळलं? तर पुढच्या आठवड्यात त्याच बाईनं खिडकीतून दोन पेरू आत सरकवले, दिराकडं उजेडीच पोचलो, एवढं म्हणाली आणि गाडीकडे गेली.

हे सगळं मी ऐकून घेतलं, पण मला पटलं असं नाही. मला वाटायचं, माणसाला थोडं सांभाळून घेतलं तर काय बिघडतं?

मग त्यांनी ते यंत्र आणलं. ई-रीडर. पाटीएवढं, त्यात शेकडो पुस्तकं मावतात आणि एक खटका दाबला की ते पुस्तक स्वतः वाचून दाखवतं. भाऊंनी ते पेटीतून काढलं आणि सगळीकडून चाचपून पाहिलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ते एकट्यानं पुस्तक वाचणार होते. वाचनालयात आम्ही सगळे गोळा झालो. कादंबरी लावली. त्या यंत्राचं मराठी ऐकून माझा जीव खाली-वर झाला. हेल कुठल्या परमुलखातला, पूर्णविरामाला थांबणं नाही, प्रश्न विचारतंय की हुकूम सोडतंय ते कळायला मार्ग नाही. त्यात नायकाची आई शेवटचे शब्द बोलत होती, तिचं वाक्य अर्ध्यावर तोडून यंत्र म्हणालं, प्रकरण सातवे, पान एकशे बारा, सर्व हक्क राखीव. भाऊ इतके हसले की त्यांना उचकी लागली. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘बाई, कागद घ्या. पत्र लिहायचंय.’

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक पत्र. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला. महिनाभर ऐकताना सापडलेल्या चुका ते फोनमध्ये बोलून ठेवायचे, कुठलं पुस्तक, कुठलं पान, कुठलं वाक्य. ते मी उतरवून घ्यायचे. पत्रात मी एकदा ‘आम्ही अंध वाचक’ असं लिहिलं तर त्यांनी मला थांबवलं. आमच्या शनिवारच्या मंडळीत बोरसे म्हणून एक जण होते, त्यांना कंपवात. नजर चांगली, पण पुस्तक हातात ठरत नाही. भाऊ म्हणाले, बोरसे कुठं बसवले तुम्ही ह्यात? लिहा, ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही असे सगळे वाचक. मी ‘मेहेरबानी करून’ लिहिलं तर तेही खोडायला लावलं. ‘मेहेरबानी कशाची? पुस्तक विकत घेतलंय आपण.’

उत्तर दर वेळी तेच यायचं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. भाऊ ते दोनदा वाचून घेत. म्हणत, हे पत्रही कुठल्या तरी यंत्रानंच लिहिलेलं दिसतंय, पण ह्याचं मराठी बरं आहे, ह्यालाच वाचायला बसवा म्हणावं. मी चिडायचे. ते चिडायचे नाहीत. पुढच्या महिन्याची यादी सुरू. आणि गंमत बघा, दोन वर्षांनी एका सकाळी ते यंत्र पूर्णविरामाला थांबलं. पानाचा आकडाही मधे घालेना. भाऊंनी वाचनालयात पेढे वाटले. पूर्णविरामासाठी पेढे वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले तिथं येते.

भाऊंना एकच मुलगी, प्रज्ञा. पुण्याला कॉलेजात शिकवायची. बायको खूप आधी गेलेली, प्रज्ञा बारा-तेरा वर्षांची असताना. बाप-लेकीचा फोन दर रविवारी सकाळी व्हायचा, दोन मिनिटं. तब्येत, औषध, पाऊस, ठेवते. एकदा माझ्यासमोरच तो झाला. मी विचारलं, काय म्हणते लेक? म्हणाले, तिच्या आईच्या वेळेपासून ती माझ्याशी मोजकंच बोलते. त्यापुढे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

प्रज्ञा बेचाळिसाव्या वर्षी आजारपणात गेली. आठ महिने अंथरुणावर होती. भाऊ पुण्याला जाऊन सगळं उरकून आले आणि पुढच्या शनिवारी त्याच खुर्चीत. ‘जय भीम, बाई. वाचा.’ मला वाचवेना. तेव्हा बोरसेंनी पेपर माझ्यापुढे धरला, त्यांच्या त्या हलणाऱ्या हातांनी, म्हणून मी वाचलं.

पाच महिन्यांनी पुण्याहून पार्सल आलं. अंथरुणावर पडल्या पडल्या प्रज्ञानं आपल्या आयुष्याबद्दल लिहिलं होतं, त्याचं पुस्तक. पुण्याच्याच एका प्रकाशकानं काढलेलं. भाऊंना ती लिहीत होती हेसुद्धा माहीत नव्हतं. पुस्तकाला त्यांनी हातानं चाचपून तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि मला म्हणाले, हे वाचनालयात नको, घरी याल का?

तीन शनिवार मी त्यांच्या घरी जाऊन वाचलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बायकोचा, आणि आता मुलीचा. पोरगी सुरेख लिहायची. शाळा, कॉलनी, मैत्रिणी, येवल्याची मामी. भाऊ मांडीवर हात ठेवून ऐकायचे. चौथ्या शनिवारी नवं प्रकरण लागलं. आम्हा शिक्षकांची नजर तोंडाच्या दोन ओळी पुढे पळत असते. तोंडानं मी वरचं वाक्य वाचत होते आणि डोळ्यांना खालचं दिसलं. आई गेली त्या दुपारी बाबा स्टँडवर गाड्या पुकारत होते. मी त्यांना माफ केलं नाही.

समोर तो म्हातारा बसलेला. तीन तसबिरी, बंद डोळे, इस्त्रीचा शर्ट. मी काय केलं असेल? मी दोन पानं एकदम उलटली. पुढे तिच्या पुण्याच्या घराचं, गॅलरीतल्या कुंड्यांचं वर्णन होतं, ते तसंच सलग वाचत गेले. आवाजही हलू दिला नाही. मनात म्हटलं, देवा, एवढं निभावलं.

भाऊंनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, आज इथंच थांबू. स्वतः उठून चहा केला. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘पुस्तकाचा कागद जाड आहे, बाई. पान उलटलेलं ऐकू येतं.’

मी जिना कशी उतरले ते माझं मला माहीत.

ते पुस्तक त्यांनी परत माझ्या हाती दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याचं ई-बुक विकत घेतलं आणि यंत्राचा खटका दाबला. यंत्र म्हणालं, या पुस्तकासाठी वाचून दाखवण्याची सोय उपलब्ध नाही. आम्ही पुन्हा दाबला. पुन्हा तेच. चौकशी केल्यावर कळलं की प्रकाशकानं आपल्या सगळ्याच पुस्तकांचा आवाज बंद करून ठेवलाय. पुढेमागे त्यांना बोलकी पुस्तकं वेगळी विकायची आहेत, फुकटात यंत्रानं वाचलं तर ती कोण घेणार? अक्षरं यंत्रात आहेत, वाचणारा आवाज यंत्रात आहे, मधे कुलूप. फोननं पानांचे फोटो काढून वाचून घ्यायचा खटाटोपही भाऊंनी केला. टाइप बारीक, फोटो तिरपा, दर ओळीतले चार-दोन शब्द गायब. मुलीनं आपल्याला काय म्हटलंय ते तुटक्या शब्दांतून जुळवत बसणं त्यांना सोसवेना. तो नाद त्यांनी एका दिवसात सोडला.

मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, भाऊ, द्या ते पुस्तक, काना-मात्रा न गाळता वाचते. ते शांतपणे म्हणाले, ‘तुमच्यावर राग नाही, बाई. पण ह्या गावात मला वाचून दाखवणारा जो कोणी मिळेल, तो मला ओळखतो. ओळखणारा माणूस कुठंतरी मऊ होणारच. माझी मुलगी मला मऊ करून नकोय.’

मग महिन्याच्या पत्राला आणखी एक पत्ता जोडला गेला, प्रकाशकाचा. त्या पत्राखाली भाऊंनी चाळीसेक जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले. नाशिकचे, मालेगावचे, सिन्नरचे. त्याच्या प्रती त्या प्रकाशकाच्या लेखकांना पाठवल्या. मागणी एकच, तुमच्या सगळ्या पुस्तकांचा आवाज उघडा. वर्षभर उत्तर नाही. मग दोन-तीन लेखकांनी प्रकाशकाला जाब विचारला म्हणे, आणि नाशकात पुस्तकांचं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाचा भाऊंना निरोप आला, भेटायला या.

मी बरोबर गेले. व्यवस्थापक चाळिशीतले, बोलायला गोड. खुर्ची दिली, पाणी दिलं. काका म्हणाले. मुलीचं पुस्तक बापाला नाही द्यायचं तर कोणाला, असं म्हणत त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढून भाऊंच्या तळहातावर ठेवला. ह्यात अख्खं पुस्तक आहे, कुलूप-बिलूप काही नाही, आज घरी जाऊन ऐका. फक्त ते सह्यांचं पत्र तेवढं मागे घ्या. बाकीच्यांचं पुढे बघू.

भाऊंची मूठ मिटली. मी शेजारीच होते, अंगठा त्या पेनड्राइव्हवरून फिरताना मला दिसत होता. पुढून मागे, मागून पुढे. प्रदर्शनात केवढी गर्दी होती, कोणीतरी माइकवर सवलत जाहीर करत होतं, आणि मी मनात नुसती म्हणत होते, घ्या भाऊ, घ्या, खिशात टाका.

त्यांनी विचारलं, ‘बोरसेंना हे वाचता येईल का?’

व्यवस्थापक म्हणाले, कोण बोरसे?

‘आमच्या यादीत सोळावे आहेत.’

एकेकाचं असं नाही करता येणार काका, ते म्हणाले. भाऊंनी मान डोलावली. डाव्या हातानं टेबलाची कड शोधली, खाली पडू नये म्हणून चांगला चार बोटं आत पेनड्राइव्ह ठेवला. ‘सगळ्यांसाठी उघडाल तेव्हा मी पण वाचेन,’ म्हणाले आणि उठले.

रिक्षात मी त्यांना काय काय बोलले! राग आला की मी माहेरच्या अहिराणीवर जाते. हाई काय शे, म्हटलं, ही कसली तत्त्वं? बोरसेंना त्या पुस्तकाचं काय पडलंय? पोरगी तुमची, तुमच्यासाठी लिहून गेली, आणि तुम्ही हातात आलेलं टेबलावर ठेवून येता? मग त्यांनी रिक्षावाल्याला बाजूला घ्यायला सांगितलं, उतरले, चाचपडत विजेच्या खांबाला धरलं आणि तिथं उभं राहून रडले. दुपारची वेळ, माणसं वळून बघत होती. मला वाटलं, आता म्हणतील परत फिरवा रिक्षा. ते रुमालानं तोंड पुसून पुन्हा आत बसले आणि रिक्षावाल्याला कॉलनीचा रस्ता सांगायला लागले.

त्यानंतर दीड वर्ष. दर महिन्याला पत्र, दर महिन्याला खटका, दर महिन्याला उपलब्ध नाही. ते ऐकून भाऊ ‘बरं’ म्हणायचे आणि दुसरं पुस्तक लावायचे. दरम्यान त्यांचं मूत्रपिंड बिघडलं. पायांवर सूज, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शनिवार मात्र सोडला नाही. शेवटी हिवाळ्यात दवाखान्यात ठेवलं ते घरी आलेच नाहीत. वस्तीतल्या लोकांनी गर्दी केली होती, त्रिसरण-पंचशील झालं, बोरसे खुर्चीवर बसून होते. बोरसेंनी मला विचारलं, त्यांनी ते पुस्तक ऐकलं का हो? मी नाही म्हटलं.

दोन महिन्यांनी प्रकाशकाची मेल आली, वाचनालयाच्या पत्त्यावर. आमच्या सर्व पुस्तकांसाठी वाचून दाखवण्याची सोय सुरू करण्यात आली आहे. चार ओळींची मेल. भाऊंचं नाव नव्हतं. वाचनालयात लोकांनी टाळ्या वाजवल्या, बोरसेंनी त्याच दिवशी तीन पुस्तकं फोनवर उतरवून घेतली. भाऊंचं यंत्र त्यांच्या पुतण्यानं वाचनालयाला देऊन टाकलं होतं. मी ते घेऊन कोपऱ्यात बसले, प्रज्ञाचं पुस्तक लावलं आणि ते प्रकरण शोधलं. इतकी वर्षं ती दोन पानं मीही वाचली नव्हती. पुस्तक भाऊंच्या कपाटात, आणि खरं सांगायचं तर, मागायला तोंड नव्हतं. मी खटका दाबला.

‘आई गेली त्या दुपारी बाबा स्टँडवर गाड्या पुकारत होते. मी त्यांना माफ केलं नाही. मामीबरोबर मी येवल्याहून आले, गाडीतून उतरले, तर भोंग्यावर बाबांचाच आवाज. बदली माणूस आला नव्हता. तो तासाभरानं आला, मग बाबा घरी आले. त्यांच्या आवाजात काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि मी ठरवून टाकलं की ह्यांना काही झालेलंच नाही. किती वर्षं मी तेच धरून बसले. आता मी पडून आहे आणि सगळे माझ्याशी गोड बोलतात. डॉक्टर, मैत्रिणी, सगळे. खरं कोणी सांगत नाही. मला सारखा बाबांचा तो आवाज आठवतो. त्या दुपारी स्टँडवर घरी निघालेली किती माणसं होती, बाबांनी एकाचीही गाडी चुकू दिली नाही. आत त्यांचं काय होत असेल, हे मी कधी विचारलं नाही. बाबा, मला आत्ता तुम्ही हवे आहात. तुम्ही म्हणालात की मी जाणार, तर मला भीती वाटणार नाही. माफी मागायची होती ती मीच. फोनवर आपल्या दोघांनाही हे जमायचं नाही, म्हणून लिहिते. बाबांना दिसत नाही. हे त्यांना जे कोणी वाचून दाखवत असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एवढं सावकाश वाचा.’

यंत्र सावकाश वाचत नव्हतं. भाऊंनी लावलेला वेग तसाच होता, त्यांना भरभर ऐकायची सवय. वाक्य संपलं आणि ते गॅलरीतल्या कुंड्यांकडे गेलं.

माझ्यासाठी लिहिलं होतं तिनं ते. मला सांगून गेली होती पोरगी, आणि मी पान उलटलं. मी स्वतःला समजावून बघते, की तुला काय माहीत होतं, तू चांगल्या मनानं केलंस. काही उपयोग होत नाही. त्या चांगल्या मनाचा मला आता तिटकारा येतो.

दवाखान्यातली शेवटची दुपार सांगायची राहिली. मुद्दामच मागे ठेवली. मी डब्यात पेज घेऊन गेले होते, ती त्यांनी दोन चमचे घेतली. पुतण्या औषधं आणायला गेला होता. भाऊ पडून होते, आवाज बारीक झालेला. इतक्या वर्षांत एकदाही ज्याबद्दल विचारलं नव्हतं ते त्यांनी तेव्हा विचारलं.

‘बाई, त्या दोन पानांत शेवटी काय म्हणाली ती?’

मी वाचलं नाही, एवढं सांगता आलं असतं मला. पुस्तक त्यांच्या घरी, किल्ली पुतण्याकडे, रिक्षानं वीस मिनिटं. जाऊन आणता आलं असतं, वाचता आलं असतं. ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला आणि पहिलीच्या वर्गातल्या पोरांशी बोलावं तशा आवाजात म्हटलं, ‘चांगलंच म्हणाली भाऊ. समजून घेतलं होतं तिनं तुम्हाला.’

खरं तेच होतं. मला माहीत नव्हतं, पण मी अक्षर न् अक्षर खरं बोलले होते. आणि त्यांनी फक्त माझा आवाज ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पोरानं मारलेली थाप पकडून सोडून देताना आम्ही मास्तर लोक हसतो तसं. माझ्या हातावर दोनदा थोपटलं. ‘बरं,’ म्हणाले. ‘निघा आता, तुमची बस चुकेल.’

मग भिंतीकडे कूस वळवली. मी चादर खांद्यापर्यंत ओढली, डबा पिशवीत घातला आणि निघाले. चारची बस मिळाली.